मासे शोधणारं यंत्र आणि तुमची सोनोग्राफी



"सोनोग्राफी म्हणजे एक्स-रेसारखाच फोटो ना, डॉक्टर?" हा प्रश्न दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी येतोच. खरं तर सोनोग्राफीत फोटो नसतोच, तो असतो प्रतिध्वनींचा नकाशा. पण एवढ्या एका वाक्याने कुणाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. म्हणून आज जरा लांबून, थेट समुद्रावरून येऊ या. तुमच्या पोटावर फिरणारा प्रोब आणि मासेमारीच्या बोटीखाली बसवलेला फिश फाइंडर हे चुलतभाऊ आहेत. दोघांचे आजोबा एकच. त्या आजोबांची गोष्ट कळली की रिपोर्टमधल्या निम्म्या शब्दांचा अर्थ आपोआप लागतो.

पाण्याची खोली मोजायची जुनी रीत सोपी होती. दोरीला शिशाचं वजन बांधायचं, ते तळाला टेकेपर्यंत सोडायचं आणि ओढून घेताना हात पसरून वाव मोजायचे. आपल्याकडे कोळी लोक अजूनही "किती वाव पाणी आहे" असंच विचारतात. खोल समुद्रात मात्र हे फार वेळखाऊ काम. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८७०च्या दशकात दोरीऐवजी पियानोची बारीक पोलादी तार वापरून खोली मोजण्याचं यंत्र केलं. हे नाव लक्षात ठेवा, केल्विन पुढे पुन्हा भेटणार आहेत.

दोरी न टाकता खोली मोजायची तर आवाजाला पाठवायला हवं, आणि त्यासाठी आवाज पाण्यात किती वेगाने जातो हे माहीत हवं. ते १८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरात कोलादों आणि स्टुर्म या दोघांनी मोजलं होतं. एका होडीतून पाण्यात बुडवलेली घंटा वाजवायची आणि त्याच क्षणी बंदुकीच्या दारूचा भडका उडवायचा. तेरा-साडेतेरा किलोमीटरवर दुसऱ्या होडीत बसलेला माणूस पाण्यात लांब नळी घालून कान लावून बसलेला. भडका दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजायचा. उत्तर आलं सेकंदाला १४३५ मीटर. हवेत आवाज सेकंदाला ३४०च्या आसपास मीटर जातो, म्हणजे पाण्यात चौपटीहून जास्त.

एवढी माहिती हाती असूनही जवळजवळ नव्वद वर्षं कुणाला फारशी निकड वाटली नाही. निकड आणली टायटॅनिकने. १५ एप्रिल १९१२च्या पहाटे ते जहाज बुडालं आणि आठवडाभरात लुईस रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने प्रतिध्वनीवरून हिमनग ओळखण्याच्या कल्पनेचं पेटंट मागितलं. आधी हवेतल्या आवाजासाठी आणि महिन्याभराने पाण्यातल्या. प्रत्यक्षात ते करून दाखवलं रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी, १९१४च्या एप्रिलमध्ये, न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स या उथळ समुद्रात. जवळजवळ दोन मैलांवरच्या हिमनगाचा प्रतिध्वनी त्यांनी पकडला, आणि त्याच यंत्राने तळाचा प्रतिध्वनीही. टायटॅनिक बुडालं ती जागा तिथून फार दूर नव्हती.

फेसेंडेन यांचा आवाज माणसाला ऐकू येणारा, म्हणजे तसा जाडा होता. जाडा आवाज सगळीकडे पसरतो, आणि लहान वस्तूला वळसा घालून पुढे निघून जातो. बारीक वस्तू पकडायची तर आवाजही बारीक हवा, इतका बारीक की आपल्या कानांच्या पलीकडचा. सेकंदाला वीस हजारांहून अधिक कंपनं असलेल्या या आवाजाला आपण अल्ट्रासाऊंड म्हणतो. तो निर्माण कसा करायचा याचं उत्तर पॅरिसमध्ये पस्तीसेक वर्षं तयार पडून होतं. पिएर क्युरी आणि त्यांचे भाऊ जाक यांनी १८८० साली दाखवलं होतं की क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला की त्यावर विद्युतभार तयार होतो. पुढच्याच वर्षी उलटंही सिद्ध झालं: वीज दिली की स्फटिक किंचित आकार बदलतो. वीज झपाझप उलटसुलट दिली की तो थरथरतो, आणि थरथरणं म्हणजेच आवाज. शिवाय परत आलेला प्रतिध्वनी त्याच स्फटिकावर आदळला की पुन्हा वीज मिळते. तोंड आणि कान एकाच वस्तूत. तुमच्या पोटावर फिरणाऱ्या प्रोबमध्ये आजही हेच तत्त्व आहे, फक्त क्वार्ट्झच्या जागी दुसरे पदार्थ आले.

पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या शोधण्यासाठी पिएर क्युरी यांचे विद्यार्थी पॉल लांजव्हँ यांनी पोलादाच्या दोन जाड पत्र्यांमध्ये क्वार्ट्झचे तुकडे बसवून असा ध्वनिप्रक्षेपक बनवला. १९१८ साली त्यांना पाणबुडीवरून आलेला प्रतिध्वनी मिळाला. त्यांच्या प्रयोगात एक गोष्ट सहज लक्षात आली: टाकीत ध्वनीच्या झोताजवळ आलेले छोटे मासे मरत होते, आणि झोतात हात घातला तर दुखत होतं.

इथे तुमच्यातल्या गरोदर वाचकांच्या, किंवा खरं तर त्यांच्या सासूबाईंच्या, कपाळावर आठी पडली असेल. म्हणून जरा थांबतो. लांजव्हँ यांचा झोत प्रचंड ताकदीचा आणि सलग होता. सोनोग्राफीचं यंत्र सेकंदाच्या काही लाखाव्या भागापुरतं 'बोलतं' आणि उरलेला वेळ नुसतं ऐकत बसतं. शंभरातले नव्याण्णव भाग वेळ ऐकण्याचाच. इतक्या वर्षांच्या वापरात तपासणीच्या सोनोग्राफीने बाळाला इजा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. तरीही गरज नसताना, नुसती हौस म्हणून ती करू नये, असंच आम्ही सांगतो.

आता मासे. युद्धानंतर खोली मोजणारी यंत्रं जहाजांवर आली. कागदाच्या सरकत्या पट्टीवर तळाची रेघ उमटायची. मासेमारी करणाऱ्या काही कप्तानांना त्या रेघेच्या वर, मध्येच पाण्यात, धुरकट डाग दिसू लागले आणि नेमकं तिथे जाळं टाकलं की भरून यायचं. नॉर्वेचे ऑस्कर सुंद यांनी १९३५ साली 'नेचर' या नियतकालिकात लोफोटेनजवळच्या कॉड माशांच्या थव्याचं असं चित्र छापलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये, नागासाकी भागात, बोटींची विजेची कामं करणाऱ्या फुरुनो बंधूंनी नौदलाची उरलेली खोलीमापक यंत्रं घेऊन खटपट सुरू केली. अनुभवी कोळी म्हणायचे, जिथे बुडबुडे तिथे मासे; आणि बुडबुड्यांवरून आवाज परततो हे या भावांना माहीत होतं. १९४८ साली त्यांनी फिश फाइंडर बाजारात आणला. आजही बंदरात उभ्या असलेल्या अनेक बोटींच्या केबिनवर तुम्हाला 'फुरुनो' ही अक्षरं दिसतील.

माशाचा प्रतिध्वनी येतो कुठून? माशाचं मांस बहुतांशी पाणीच, त्यामुळे पाण्यातून आलेल्या आवाजाला ते फारसं वेगळं वाटत नाही. पण बऱ्याच माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, जिच्या जोरावर मासा पाण्यात हव्या त्या पातळीवर तरंगतो. पाणी संपून हवा सुरू झाली की आवाज जवळपास सगळाच्या सगळा परत फिरतो. स्क्रीनवर दिसतो तो मुख्यतः या पिशवीचा प्रतिध्वनी. पालघरकडच्या कोळ्यांना एखाद्या दिवशी घोळीचा थवा लागला की वर्तमानपत्रात बातमी येते, ती याच पिशवीमुळे. पूर्व आशियात तिला भारी भाव आहे. मुशीला, म्हणजे लहान शार्कला, ही पिशवीच नसते. त्यामुळे चांगली मोठी मुशीसुद्धा स्क्रीनवर तिच्या आकाराच्या मानाने फिकी दिसते.

हौसेने गरवायला जाणाऱ्यांच्या हाती हे यंत्र आलं अमेरिकेत. कार्ल लॉरन्स आणि त्यांच्या मुलांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस ट्रान्झिस्टरवर चालणारा, बॅटरीचा, उचलून नेता येईल असा हिरवा डबा बनवला. त्यात पडदा नव्हता. एक चकती फिरायची, तिच्यावर निऑनचा दिवा. प्रतिध्वनी आला की दिवा लुकलुकायचा, आणि चकतीवर ज्या आकड्यापाशी लुकलुकला तेवढी खोली. एक लुकलुक तळाची, मधली एखादी माशाची. गोठलेल्या तळ्यात बर्फाला भोक पाडून गळ टाकणारे लोक अशी यंत्रं अजूनही आवडीने वापरतात, कारण ती 'आत्ता या क्षणी' काय आहे ते दाखवतात.

पडदा असलेल्या फिश फाइंडरची गंमत वेगळी आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. पडद्याच्या उजव्या कडेची एकच उभी रेघ म्हणजे 'आत्ता'. बाकीचा सगळा पडदा हा होऊन गेलेला काळ, डावीकडे सरकत जाणारा. नवख्या माणसाला वाटतं, हे पाण्याचं चित्र आहे, डावीकडचा मासा बोटीच्या डावीकडे आहे. तसं काही नसतं. तो मासा मिनिटापूर्वी बोटीखाली होता.

मासा पडद्यावर कमानीसारखा दिसतो, तेही त्याच्या आकारामुळे नाही. बोटीखालून निघालेला आवाज शंकूसारखा पसरत जातो. समजा शंकूचा कोन २० अंश आहे; तर १० मीटर खोलीवर त्याचं वर्तुळ साडेतीन मीटर रुंद होतं. बोट पुढे सरकते तसा मासा आधी या वर्तुळाच्या कडेला येतो, तेव्हा तिरकं अंतर जास्त, म्हणून यंत्र त्याला खोल दाखवतं. तो बरोबर खाली आला की अंतर सगळ्यात कमी, पुन्हा दूर गेला की जास्त. झाली कमान. बोट आणि मासा दोन्ही जागच्या जागी थांबले तर त्याच छोट्या माशाची लांबलचक आडवी रेघ उमटते, आणि माणूस मोठ्या माशाच्या आशेने तासभर गळ टाकून बसतो. काही यंत्रं तर सरळ माशाचं चित्रच काढून दाखवतात. तो यंत्राचा अंदाज असतो. पाण्यात बुडालेली फांदी किंवा बुडबुड्यांचा पुंजकासुद्धा त्यात मासा होऊन बसतो. जाणते गरवणारे ही सोय बंद करून ठेवतात आणि कच्चे प्रतिध्वनी वाचायला शिकतात.

थोडं गणित. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. १५ मीटरवरच्या माशाकडे जाऊन परत यायला ३० मीटर, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. आपल्या शरीरातल्या मऊ भागांत आवाजाचा वेग सरासरी १५४० मीटर धरतात. जवळपास समुद्राइतकाच, कारण आपणही बहुतांशी खारं पाणीच. त्वचेपासून ८ सेंटिमीटरवर असलेल्या पित्ताशयातल्या खड्याचा प्रतिध्वनी सेकंदाच्या साधारण दहा हजाराव्या भागात परततो. फरक कंपनसंख्येचा. फिश फाइंडर खोल पाण्यासाठी ५० आणि उथळ पाण्यासाठी २०० किलोहर्ट्झ वापरतो. ५०ला एका लहरीची लांबी ३ सेंटिमीटर, २००ला साडेसात मिलिमीटर. पोटाच्या सोनोग्राफीत साधारण ३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे लहर अर्ध्या मिलिमीटरहून लहान. थायरॉइडसाठी याहूनही बारीक आवाज वापरतात. आवाज बारीक केला की बारीकसारीक दिसतं, पण तो लवकर विरतो आणि खोलवर पोचत नाही. बोटीवरचा मच्छीमार आणि सोनोग्राफीच्या खोलीतले डॉक्टर दिवसभर हीच तडजोड करत असतात. वजनदार पेशंटच्या रिपोर्टमध्ये "नीट दिसत नाही" असा शेरा येतो, त्याचं कारण हेच.

समुद्रातून शरीरात येताना या विद्येला बऱ्याच ठेचा लागल्या. ऑस्ट्रियाचे कार्ल डुसिक यांनी १९४०च्या दशकात डोक्याच्या आरपार अल्ट्रासाऊंड सोडून मेंदूतल्या पोकळ्यांची चित्रं काढली. पुढे लक्षात आलं की ती चित्रं मेंदूची नव्हतीच, कवटीच्या हाडाने आवाज कमीजास्त अडवला त्याची होती. डेन्व्हरच्या डग्लस हाउरी यांनी तर पेशंटला पाण्यात बसवलं, आणि ती पाण्याची टाकी होती बी-२९ या बॉम्बफेकी विमानाच्या तोफेची घुमटी! स्वीडनमध्ये लुंडच्या इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी १९५३ साली जहाजबांधणीच्या कारखान्यातलं धातूची चीर शोधणारं यंत्र उसनं आणून हृदयाच्या हालचालींचा आलेख काढला. आज तुम्ही 'टूडी इको' करता त्याचा उगम तिथे आहे. त्यातला एम-मोड नावाचा भाग फिश फाइंडरसारखाच चालतो: एकच रेघ आणि सरकता काळ.

ग्लासगोत इयन डोनाल्ड हे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. युद्धात हवाई दलात काम केलेलं, त्यामुळे यंत्रांची भीती नव्हती. १९५५च्या जुलैमध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी दोन मोटारींच्या डिकीत घालून ते बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले. सोबत तुलनेसाठी मांसाचा एक मोठा तुकडा. तिथे लोखंडातल्या चिरा शोधायचं यंत्र होतं. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी अगदी वेगळे आले. पुढच्या वर्षी टॉम ब्राउन नावाच्या २३ वर्षांच्या इंजिनिअरच्या कानावर ही गोष्ट गेली. त्याने टेलिफोन डिरेक्टरीत नंबर शोधून प्राध्यापकांना सरळ फोन लावला. ब्राउन नोकरीला होता केल्विन अँड ह्यूज या कंपनीत. आधी सांगितलेल्या लॉर्ड केल्विन यांच्या उपकरणांच्या व्यवसायातून आलेली, जहाजांसाठी खोली मोजणारी आणि मासे शोधणारी यंत्रं बनवणारी ही कंपनी. खोली मोजणाऱ्या पियानोच्या तारेची वंशावळ अशी ग्लासगोच्या इस्पितळात पोचली.

त्यांच्या सुरुवातीच्या पेशंटमध्ये पोट खूप फुगलेली एक वयस्क बाई होती. निदान होतं जठराचा कॅन्सर, पसरलेला, पोटात पाणी झालेलं, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला. डोनाल्ड यांनी प्रोब लावला. पोटात पाणी मोकळं पसरलं असेल तर जसे प्रतिध्वनी यायला हवे होते तसे आले नाहीत. आवाज एका पातळ भिंतीतून आत शिरत होता, मोकळा पुढे जात होता आणि पलीकडच्या भिंतीवरून परतत होता. म्हणजे पाणी एका प्रचंड पिशवीत होतं. ती बीजकोशाची गाठ निघाली, शस्त्रक्रिया करून काढली आणि बाई बरी झाली. डोनाल्ड, मॅक्विकर आणि ब्राउन यांचा लेख ७ जून १९५८च्या 'लॅन्सेट'मध्ये आला. माझ्या मते त्या एका बाईने सोनोग्राफीला इस्पितळात कायमची जागा मिळवून दिली. शिवाय गरोदरपणातल्या एक्स-रेचा बालपणीच्या कॅन्सरशी संबंध असल्याचं ऑक्सफर्डच्या अॅलिस स्ट्युअर्ट यांनी १९५६ सालीच मांडलं होतं, त्यामुळे बाळ पाहण्यासाठी दुसरा मार्ग हवाच होता.

हेच प्रतिध्वनी फसवतातही. दुसऱ्या महायुद्धात कॅलिफोर्नियाजवळ अमेरिकन नौदलाच्या सोनारला समुद्राचा तळ नकाशात असायला हवा त्याहून बराच वर दिसू लागला, आणि तो तळ रात्री आणखी वर यायचा! तो तळ नव्हताच. छोटे मासे आणि इतर जीवांचा दाट थर होता, जो रात्री अन्नासाठी वर येतो. यंत्र खोटं बोललं नव्हतं, ऐकणाऱ्याने अर्थ चुकीचा लावला होता. म्हणून रिपोर्टच्या तळाशी लक्षणांशी पडताळून पाहण्याची सूचना असते, ती हात झटकण्यासाठी लिहिलेली नसते. किडनीतला खडा एका ठिकाणी ५ आणि दुसऱ्या ठिकाणी ६ मिलिमीटर आला म्हणून आठवड्यात खडा वाढला असं होत नाही. 'लिव्हर ब्राइट' म्हणजे यकृतातून किडनीच्या तुलनेत जास्त प्रतिध्वनी येतात, बहुधा चरबीमुळे. चरबी किती आणि तिने नुकसान किती केलं हे त्या एका शब्दावरून सांगता येत नाही.

आणि दोन्ही यंत्रांनी माणसाला अशी नजर दिली जी त्याला पेलली नाही. फेसेंडेन यांनी जिथे हिमनग ऐकला त्या न्यूफाउंडलंडच्या समुद्रात पाचशे वर्षं कॉड पकडला जात होता. मोठे ट्रॉलर, सोनार, चुकलेले सरकारी अंदाज, सगळं एकत्र आलं आणि कॉड इतका घटला की २ जुलै १९९२ रोजी कॅनडाला त्या मासेमारीवर बंदी घालावी लागली. हजारो कुटुंबांचा धंदा एका दिवसात बसला. बंदी उठायला २०२४ उजाडलं, तेही मर्यादित प्रमाणात. आपल्याकडे जे झालं ते तुम्हाला माहीत आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली आला. तरीही राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे २००१च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या, त्या २०११मध्ये ८९४ झाल्या. भिंतीवरची ती पाटी आणि तुमच्याकडून भरून घेतला जाणारा तो फॉर्म यामुळे आहेत. कृपया "डॉक्टर, नुसतं खुणेनं सांगा" असं कुणालाही म्हणू नका.

शेवटी जाताना तयारीबद्दल, कारण फोन त्याचेच जास्त येतात. पोटावर लावतात ते जेल औषध नाही. प्रोब आणि त्वचा यांच्यामध्ये हवेचा पातळसा थर राहिला तरी आवाज तिथूनच परत फिरेल, माशाच्या पिशवीवरून फिरतो तसा. सुरुवातीला डोनाल्ड यांचे सहकारी पोटावर पाण्याची टाकी ठेवत, नंतर ऑलिव्ह तेल लावू लागले. आतड्यातला गॅसही असाच अडथळा करतो. उपाशी बोलावतात ते त्यासाठी, आणि जेवल्यावर पित्ताशय आकसतं, मग खडे नीट दिसत नाहीत म्हणून. गर्भाशय पाहायचं असेल तर लघवी भरलेली हवी, हे डोनाल्ड यांच्या चमूला १९६३ साली योगायोगाने कळलं: भरलेलं मूत्राशय आतड्यांना बाजूला सारतं आणि आवाजाला पाण्याची खिडकी मिळते. तेव्हा सांगितलं असेल तर तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन या, आणि नंबर लागायला उशीर होत असेल तर तिथल्या सिस्टरांना तसं सांगा. त्या मधल्या एखाद्या नंबरला घेतात.